दुधाचा पेला

साहेबरावांनी कोमट पाण्यात भिजवलेला बोळा अजगराच्या ओठावरून हळूच फिरवला. तिथल्या बारीक खाचांत कुंकू अडकलं होतं. या खाचांमुळेच त्याला भक्ष्याची ऊब कळते, हे त्यांनी गल्लीतल्या पोरांना कितीदा तरी शिकवलं होतं. आता त्याच्या श्वासासोबत फसफस आवाज येत होता.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशी जातीचा हा लहानसा अजगर रीतसर नोंदणी करून पाळला होता. गारखेड्यातल्या त्यांच्या ओट्यावर रविवारी पोरं जमायची. रानातला साप घरी आणायचा नाही, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, साप दूध पीत नाही. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची. मोठी माणसं मात्र पलीकडच्या कडेनं जायची. शेजारच्या गोजरबाईंनी तर अजगर आल्यापासून त्यांच्या घरचा चहा सोडला होता.

काल नागपंचमीला त्याच गोजरबाई चार बायांना घेऊन, दूध-लाह्यांचं ताट घेऊन दारात आल्या.

"भाऊ, तुमच्या घरात देव हाय. दर्शन घेऊ द्या की."

साहेबरावांना नाही म्हणवेना. त्यांनी अजगराची पेटी ओट्यावर आणली. बायांनी हळद-कुंकू वाहिलं, त्याच्या तोंडावर दूध ओतलं. अजगर अंगाचा चेंडू करून आत डोकं लपवू लागला. बाया साहेबरावांच्याही पाया पडल्या. साहेबरावांनीही हात जोडले. समोर पोरं बसली होती.

आज सकाळी प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, दूध श्वासनळीत गेलंय. वाचेलच असं सांगता येत नाही. हे कळल्यावर गोजरबाई आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आम्हाला काय ठावं, भाऊ? तुम्ही नाय म्हणला असता, तर आम्ही जबरदस्ती केली असती व्हय?"

त्या गेल्या. साहेबरावांनी बोळा पुन्हा पाण्यात बुडवला.

मग दुसरीतली करुणा दोन्ही हातांत पेला सांभाळत आली.

"आजोबा, काल दूध लई सांडलं ना, म्हणून त्यो आजारी पडला. मी हळूहळू पाजते."

"करुणा, साप दूध पितो का गं?"

"पहिले नव्हता पीत." ती गोंधळली. "पण काल तुम्हीच हात जोडले ना."

साहेबरावांनी पेला घेतला, तिला शेजारी बसवलं. आयुष्यभर शिकवताना ज्यांना शब्द कमी पडले नव्हते, ते सुरुवात शोधत राहिले. पेटीत फसफस चालू होती. दुधावर साय धरू लागली.