सुताराच्या दंडावरची रेघ

मी एक जुना बॉलपेन आहे. टोपण हरवलेला, अंगाला चिकटपट्टी गुंडाळलेला. हसा खुशाल! माझ्या भावंडांनी म्हणे मोठमोठ्या सह्या केल्या. मी मात्र वॉर्डातल्या सिस्टरच्या खिशात राहून तापाचे आकडे लिहीत झिजलो. "फेका हो ते भंगार," असं मोठे डॉक्टर येता-जाता म्हणायचे. सिस्टर मला दोनदा झटकायच्या आणि मी हट्टाने उमटायचो.

मित्रांनो, एकदा एक सुतार भरती झाला. पटाशी तळहातात घुसली होती आणि पठ्ठ्याने चिंधी बांधून दोन दिवस काम रेटलं होतं. आता तो तापाने फणफणला होता. जखमेपासून दंडापर्यंत लालभडक पट्टा चढला होता. जंतू कातडीखालच्या बारीक नळ्यांच्या, म्हणजे लसीकावाहिन्यांच्या वाटेने वर सरकत होते. ते रक्तात पसरले असते, तर जिवावरच बेतलं असतं.

औषध सुरू झालं. लाली जिथे संपत होती, तिथे सिस्टरनी माझ्याकडून आडवी रेघ ओढून घेतली आणि शेजारी वेळ लिहिली. लाली रेघेच्या वर गेली, तर औषध लागू पडत नाही असं समजायचं. एवढं मोठं काम, आणि ते माझ्याकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर यायचे म्हणून सुताराच्या आत्याने भाच्याचं अंग पुसलं. साबण लावून माझी रेघ अशी घासली की मागमूस उरला नाही. माझा नुसता संताप झाला.

"रेघ कुठंय?" सिस्टर ओरडल्या.

"अगं बाई! मला वाटलं, शाईचा डाग आहे." आत्या रडकुंडीला आली.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "ताप उतरलाय. तेच औषध चालू द्या. उद्या घरी सोडू."

सुतार खूश झाला. आत्या मात्र पलंगासमोर वाट अडवून उभी राहिली.

"नाही सोडायचं! मीच घासलंय ना? डाग या तिळाच्या चांगला दोन बोटं खाली होता. आता बघा, लाली तिळाच्याही वर गेलीय."

"आत्या, गप्प बस गं. डॉक्टर आहेत ते," सुतार पुटपुटला.

"असू देत! चूक माझी झाली, पण डोळे शाबूत आहेत माझे."

डॉक्टर वाकले. तीळ पाहिला, लाली पाहिली. मग सिस्टरपुढे हात करून म्हणाले, "पेन द्या." नवी रेघ त्यांनी स्वतः ओढली. औषध लगेच बदललं, रक्त तपासणीला गेलं.

पुढचे तीन दिवस आत्याने त्या दंडाला ओला बोळासुद्धा लागू दिला नाही. चौथ्या दिवशी लाली मनगटापर्यंत उतरली.

मित्रांनो, जखमेपासून लाल पट्टा वर चढताना दिसला, ताप भरला, तर "बघू उद्या" म्हणत बसू नका, दवाखाना गाठा. आणि चूक आपली असो, समोर कितीही मोठा माणूस असो, डोळ्यांनी पाहिलेलं ठणकावून सांगा. त्या दिवशी आत्या लाजून गप्प बसली असती, तर सुतार घरी गेला असता, आणि आम्ही सगळ्यांनी नकळत त्याला हसत शेवटचा निरोप दिला असता.