प्राचीच्या मागची गर्दी

गुणाजी पेडणेकरांना आयुष्यात एकच विद्या धड आली, ती म्हणजे माणसं जमवणं. सभा कोणाचीही असो, पक्ष कुठलाही असो, मैदान रिकामं दिसायला लागलं की करी रोडला फोन यायचा, "गुणाजीभाऊ, तेवढं बघा." आणि गुणाजीभाऊ बघायचे. तासाभरात दोन टेम्पो भरून माणसं हजर. टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना वाटेत सांगून व्हायचं. भाषण कोणाचं, हे मात्र बरेचदा सांगायचं राहून जायचं. गिरण्या गेल्या, चाळ गेली, चाळीच्या जागी बावीस मजल्यांचं नवजीवन हाइट्स उभं राहिलं, पण विद्या काही गेली नाही.

त्याच विद्येने गेल्या वर्षी घात केला. त्यांची मुलगी प्राची एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. निकाल लागायचा होता, पण गुणाजींना दम कुठला निघतोय? त्यांनी गेटवर वीस फुटी फ्लेक्स चढवला. वर प्राचीचा कॉलेजच्या आयकार्डावरचा झोपाळू फोटो, खाली 'नवजीवनची शान, भावी मॅनेजर कु. प्राची हिचे हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या तीन रांगा. मग निकाल लागला. अठ्ठावन्न पर्सेंटाइल. फ्लेक्स उतरवायचा तर लवू मंडपवाला गावाला गेलेला, म्हणून तो पुढेही तसाच लटकत राहिला. येणारा-जाणारा आधी वर बघायचा, मग प्राचीकडे बघायचा आणि दात काढून म्हणायचा, "काय मग मॅनेजर?" पोरगी मागच्या पार्किंगच्या गेटने ये-जा करायला लागली. फ्लेक्स उतरला तरी तिची वाट काही बदलली नाही.

यंदा तिने पुन्हा फॉर्म भरला. लोअर परळच्या एका ऑफिसात दिवसभर लोकांच्या क्रेडिट कार्डाच्या तक्रारी ऐकायच्या, घरी येऊन अभ्यास करायचा आणि दर रविवारी सकाळी खोलीचं दार लावून 'शिखर' नावाच्या ॲपवर सराव परीक्षा द्यायची, असा तिचा क्रम होता. पण पहिल्याच दिवशी तिने आईबापाला समोर बसवून बजावलं होतं.

"ह्या सराव परीक्षेत एकदा तरी नव्वद पर्सेंटाइल आले, तरच मी खऱ्या परीक्षेला बसणार. नाही आले तर हॉल तिकीट फाडून टाकणार. मला परत हसं करून घ्यायचं नाहीये."

पोरगी हुशार होती, त्याबद्दल गुणाजींना तिळभर शंका नव्हती. तिची हिंमत मोडली होती ती त्या वीस फुटांनी, आणि ते वीस फूट कोणी बांधले होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती परीक्षेला बसलीच नाही, तर तोंड कुठे लपवायचं?

त्या रविवारी जेवताना प्राची बांगडा नुसता चिवडत होती. ॲपवर एकसष्ट आले होते. वर ॲपचा निरोप, 'वाह चॅम्प! शिखर जवळ आलंय!' हे ॲप बारा आलेल्यालाही हेच सांगतं, असं ती म्हणाली.

"एकसष्ट म्हणजे शंभरात एकसष्ट मार्क ना?" गुणाजींनी विचारलं. "मग वाईट काय त्यात?"

"मार्क नाहीत हो ते, बाबा. शंभर जण बसले असतील, तर एकसष्ट जण माझ्या मागे आहेत. एवढंच."

गुणाजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे... मागे माणसं पाहिजेत?"

"तसंच समजा."

"आणि ह्या ॲपवर बसतात किती?"

"नवीन आहे अजून. असतील दोनेकशे."

"फुकट?"

"फुकट."

दोनशे! गुणाजींना हसू आवरेना. एवढी माणसं तर त्यांनी एका नगरसेवकाच्या मेहुण्याच्या वाढदिवसाला उभी केली होती, तीही भर उन्हात. एवढंच होतं तर पोरीने आधी नाही का सांगायचं?

पुढच्या रविवारी प्राचीने खोलीचं दार लावलं आणि तिकडे तळमजल्यावरच्या मंडळाच्या हॉलमध्ये नव्वद माणसं आपापले मोबाइल घेऊन बसली. सहाव्या मजल्यावरच्या शांताकाकू, त्यांचा महिला बचत गट, लवू मंडपवाला आणि त्याची पोरं, दगडूचं अख्खं भजनी मंडळ. लवूने सगळ्यांची खाती उघडून दिली होती. गुणाजींनी माइक हातात घेतला.

"मंडळी, प्राचीला ह्यातलं काही कळता कामा नये. नियम सोपा आहे. प्रश्न वाचायचा नाही. वाचला की डोकं चालतं, आणि डोकं चाललं की आपलं काम बिघडलं. बोट येईल तिथे दाबायचं. परीक्षेनंतर वडापाव आहे."

"गुण्या, मेल्या," गुणाजींचा बालमित्र दगडू पाठून ओरडला, "नापास होवक माका शिकवणी कित्याक व्हयी? माझो त्येच्यात हात कोण धरतलो?"

प्राचीला चौऱ्याहत्तर आले. गुणाजींनी लालबागच्या दोन मंडळांना आणि परळच्या एका व्यायामशाळेला फोन फिरवले. त्याच्या पुढच्या रविवारी पंच्याऐंशी. मग एकोणनव्वद! प्राची ऑफिसातून गुणगुणत घरी यायला लागली. एका संध्याकाळी तिने कोणी न सांगता सगळ्यांना चहा केला आणि म्हणाली, "बाबा, मला जमायला लागलंय हो." गुणाजींनी चहा फुंकत मान डोलावली. आता एकच पर्सेंटाइल उरलं होतं. एका टेम्पोचं काम.

पण माणसं जमवणाऱ्याला माणसं कळतात असं थोडंच आहे?

झालं असं, की ॲपमध्ये 'माझी टीम' म्हणून एक यादी होती. टीममधल्या प्रत्येकाचे मार्क, वरपासून खालपर्यंत, नावानिशी. शांताकाकूंना डोळे मिटून बोट दाबूनही नऊ मार्क पडले आणि लवूला सहा. काकूंनी हे लिफ्टमध्ये सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, लवूच्या सासूला फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी लवूने गुपचूप दोन प्रश्न वाचले. काकूंनी भाचीकडून गुणोत्तर समजून घेतलं. भजनी मंडळात अभंगाच्या आधी सरासरी व्हायला लागली. दगडूला तर दुधात पाणी मिसळायची गणितं सापडली आणि तो खूळच लागल्यासारखा त्यांच्या मागे लागला. आपल्या दूधवाल्याने चाळीस वर्षांत किती पाणी पाजलं, याचा त्याला एकदाचा हिशेब लावायचा होता.

प्राची त्र्याऐंशीवर आली. मग अठ्ठ्याहत्तरवर. पोरीचं गुणगुणणं थांबलं. ताट अर्धं टाकून उठायला लागली.

गुणाजी हॉलमध्ये अक्षरशः हात जोडून उभे राहिले. "अरे, काय चालवलंय काय तुम्ही? मी तुम्हाला मागे उभं राहायला बोलावलं होतं!"

"गुणाजीभाऊ," शांताकाकू म्हणाल्या, "प्राचीसाठी जीव मागा, आत्ता देते. पण त्या लवूच्या खाली राहायला नका सांगू."

आणि ह्यावर कडी म्हणजे, खऱ्या परीक्षेला आठवडा राहिला असताना 'शिखर'वाले नवजीवनला येऊन थडकले. आधी ना फोन, ना निरोप. उन्मेष नावाचा एक टाय लावलेला मुलगा शनिवारी संध्याकाळी लॉबीत पुठ्ठ्याचं पुरुषभर उंच शिखर घेऊन उभा, सोबत केक आणि स्पीकर.

"एकाच इमारतीतून इतके एमबीए इच्छुक भारतात कुठेही नाहीत!" तो माइकवर ओरडत होता. "सरासरी वय सत्तावन्न! आमचे गुंतवणूकदार इतके खूश आहेत की विचारू नका. नवजीवन हाइट्सला आम्ही 'टॅलेंट हब' जाहीर करतोय, आणि ह्या चळवळीचे शिल्पकार, श्री. गुणाजी पेडणेकर!"

टाळ्या पडल्या. कुठे वाजवायच्या हे त्या माणसांना सांगायला लागत नाही. आणि टाळ्या चालू असतानाच गुणाजींना दिसलं, पार्किंगकडच्या दारात ऑफिसची बॅग खांद्याला लावून प्राची उभी होती.

घरात येऊन तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे माझे एकोणनव्वद म्हणजे शांताकाकू, दगडूकाका आणि भजनी मंडळ?"

"पण ती बसली होती गं खरोखर..."

"मला वाटलं होतं, मला जमायला लागलंय."

आतून प्राचीची आई शेवंती कडाडली. "कोणी सांगितलो होतो तुमका ह्यो उपद्व्याप? पोरगी तुमची हा, सभा न्हय!"

प्राचीने डोळे पुसले. "उद्याची माझी शेवटची सराव परीक्षा आहे. मी खाली हॉलमध्ये बसणार, सगळ्यांच्यात. सगळ्यांनी खरीखुरी द्यायची. आणि बाबा, तुम्हीपण. प्रश्न वाचून."

गुणाजी आजवर माइक धरूनच उभे असायचे. रविवारी ते पहिल्यांदा खाली बसले, चष्मा लावला आणि प्रश्न वाचायला लागले. दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल? आता नळाला पाणी कधी येतं, हेच त्यात लिहिलं नव्हतं. त्यांनी तरी जीव तोडून विचार केला. चुकलेल्या उत्तराला मार्क कापतात हे ठाऊक नसल्याने एकही प्रश्न सोडला नाही. घाम फुटला, मानेला कळ लागली, आणि वेळ संपली तेव्हा आपण बरंच काही बरोबर केलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

प्राचीला एक्क्याऐंशी आले. नव्वदला किती कमी, हे आता तिथे प्रत्येकाला कळत होतं.

तिच्याकडे बघवेना म्हणून लवूने टीमची यादी खाली सरकवली, आणखी खाली, पार तळाशी. "आयला! गुणाजीभाऊ! उणे चौदा!"

"उणे?" दगडू किंचाळला. "अरे मेल्या, घराक निजान रवलो असतस तरी शून्य गावला असता!"

हॉल फुटला. शांताकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, व्यायामशाळेची पोरं मांड्या बडवत होती. गुणाजींचे कान तापले. हसायचा प्रयत्न केला, तर ओठ हलेनात. ह्या सगळ्यांना त्यांनीच गोळा केलं होतं, आणि आता ह्या सगळ्यांमधून उठून दारापर्यंत चालत जायची त्यांना लाज वाटत होती. तेव्हा कुठे त्या माणसाला कळलं, वर्षभर पोरगी पार्किंगच्या गेटने का येत होती ते. नुसतं माहीत होतं आजवर. प्राची तेवढी हसत नव्हती. ती मान खाली घालून वर निघून गेली.

गुणाजींनी लवूला बाजूला घेतलं. "एक फ्लेक्स पाहिजे. वीस फुटी. त्याच जागेवर."

"प्राचीचा? नको हो, पोरगी जीव घेईल माझा!"

"माझा," गुणाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्ख्या करी रोडने मान वर करून वाचलं. 'ऑनलाइन सराव परीक्षेत उणे चौदा गुण मिळवून सर्वांत शेवटी आल्याबद्दल श्री. गुणाजी पेडणेकर यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: त्यांच्या पुढे असलेले सर्व.' फोटो डोळे अर्धवट मिटलेला, मुद्दाम शोधून काढलेला. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. लोक पोट धरून हसले. पानवाला हसला, इस्त्रीवाला हसला, समोरच्या टॉवरची माणसं फोटो काढायला रस्ता ओलांडून आली. "काय मग मॅनेजर?" आता गुणाजींना ऐकावं लागत होतं. पहिले दोन दिवस ते ऐकून त्यांना घरात पळावंसं वाटलं. पण ते गेटवरच खुर्ची टाकून बसले आणि जो विचारेल त्याला सांगत राहिले, "पुढच्या रविवारी परत बसतोय. ह्या वेळी उणे दहा तरी आणतो." हसायचंच आहे ना लोकांना, तर एवढ्या मोठ्या बापावर हसा, असं त्यांच्या मनात होतं. तिच्या वाटेला कशाला जाता? पण हे ते कोणाला बोलले नाहीत, तिला तर नाहीच. आणि तिनेही काही विचारलं नाही.

खऱ्या परीक्षेच्या सकाळी गुणाजी खुर्चीत बसले होते. नजर पार्किंगच्या गेटकडे. ते काही उघडत नव्हतं. झालं, पोरीने फाडलं तिकीट, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा."

प्राची मागे उभी होती. पुढच्या गेटात, फ्लेक्सच्या बरोबर खाली. मान वर करून ती एक-एक फोटो बघत होती.

"शुभेच्छुकांत माझा फोटो नाही लावलात?"

"म्हटलं, तू रागावशील."

"रागावलेच आहे. संध्याकाळी आल्यावर लावा." तिने बॅगेतून हॉल तिकीट काढलं, नाव आणि सेंटर एकदा नीट वाचलं आणि घडी घालून परत ठेवलं. मग ती गेटबाहेर पडून पुलाच्या दिशेने चालायला लागली.

कोपऱ्यावरून पानवाला नेहमीसारखा ओरडला, "काय मग मॅनेजर?"

गुणाजींनी सवयीने खुर्चीतून ओ दिली. तिकडे रस्त्यावरून प्राचीनेही दिली.