पट्टीखालची जागा

“या जुन्या नकाशात तुमची गल्लीच नाही. मोकळी जमीन आहे. म्हणजे घरं नंतर घुसवलेली,” सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

“घुसवलेली?” आमच्या गल्लीतला पंपवाला उसळला. “माझा बाप त्या घरात जन्मला, साहेब! तो काय नकाशाला विचारून जन्मला?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हरकती फेटाळल्या की रस्ता रुंद होणार आणि आमच्या तेरा घरांतली उरलेली बारा पडणार. टोकाचं पहिलं घर नर्सबाईचं. ते हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच, मागच्या महिन्यात पाडलं. ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवरची पिशवी घट्ट धरून. तीस वर्षं तिची माझी भिंतीला भिंत होती.

“ज्यांना बघायचाय त्यांनी नकाशा बघून घ्या,” साहेब म्हणाले.

मी चष्मा पुसत पुढे गेले. कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याच्या सहीच्या जागी, दोन अक्षरं होती. अक्षरं माझी होती.

लग्नाआधीपासून मी याच कचेरीत ट्रेसर होते. मोजणीचा मूळ कागद टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि खालच्या रेघा शाईने गिरवायच्या. आमच्या हेडचा एकच नियम होता : दिसेल तेवढंच काढायचं, मनाचं काही घालायचं नाही. या नकाशाचा मूळ कागद घडीवर फाटला होता आणि कुणीतरी त्यावर तपकिरी पट्टी चिकटवली होती. पट्टीच्या दोन्ही कडांशी रेघा तुटत होत्या. खाली काहीतरी आहे, हे मला कळलं होतं. पण नकाशा संध्याकाळपर्यंत हवा होता. मी नियम पाळला. तेवढी जागा कोरी सोडली. पुढे आम्ही त्याच गल्लीत घर घेतलं, तोवर ती जागा मी विसरूनही गेले होते.

मी परत येऊन बसले.

“काय दिसलं ग?” नर्सबाईने विचारलं.

“काही नाही.”

साहेबांनी पेन उघडलं. “मग हरकती फेटाळल्या, असं लिहितो.”

“थांबा,” मी उठले. “तो नकाशा मी काढलाय. तो चुकलाय.”

“आई, बसा ना,” मागे बसलेल्या माझ्या सुनेने पदर ओढला.

“आजी, हे लिहून घेतलं जाईल हं,” साहेब म्हणाले.

“घ्या लिहून.”

मी पट्टीची हकिगत सांगितली.

“म्हणजे काकू, तुमच्यामुळे...” पंपवाला म्हणाला.

नर्सबाईने पिशवी उचलून पलीकडे ठेवली. स्वतःही थोडी सरकली.

तासाभराने रेकॉर्ड रूममधून मूळ कागद आला. पट्टी तशीच होती, नुसती काळवंडलेली. शिपाई नखाने खरवडायला लागला.

“अहो, फाडाल!” मी ओरडले. “पाणी आणा. आणि कापूस.”

कापूस कुणाकडे असणार? तेवढ्यात एक बोळा माझ्यासमोर आला. नर्सबाईचा हात होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पट्टी भिजवली, थांबले, पुन्हा भिजवली. आयुष्यात एवढ्या हलक्या हाताने मी काही केलं नसेल. पट्टी सुटली. खाली फिकट शाईने काढलेले घरांचे चौकोन होते, एका ओळीत. साहेबांनी पेनाच्या टोकाने मोजले.

“तेरा,” ते म्हणाले. “पाडकाम थांबवा.”

मागे एकच गलका झाला. पंपवाला सुनेला हात जोडून काहीतरी सांगत होता.

नर्सबाई टेबलावर वाकली. तिने ओळीतल्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

“हे माझं होतं ना?”

“हो.”

कागद ओला होता. तो सुकेपर्यंत तिने बोट उचललं नाही.