दुसरा एंटर

“इंदरभाऊ, हा नखरा आजच्या आज काढा! याले एकच गोष्ट दोनदा कायले सांगा लागते?”

कुडवा गावातल्या एका फोटो स्टुडिओत दुर्गेश्वरीचा दिवस असाच सुरू होई. लग्नांचे व्हिडिओ सांभाळायचे काम तिचे. तिथला जुना कॉम्प्युटर माउसला भीक घालत नसे. सगळे हुकूम काळ्या पडद्यावर टाइप करायचे. बाई कामाला वाघ, पण लांबलचक नावे पुन्हापुन्हा लिहायची म्हटले की कपाळाला आठ्या. म्हणून स्टुडिओच्या मालकाने, इंद्रकुमारने, तिला एक युक्ती शिकवली होती. हुकमाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि डॉलर लिहायचे, की मागच्या हुकमातले शेवटचे नाव तिथे आपोआप येऊन बसते. फक्त त्यात त्याने एक मेख मारून ठेवलेली. कॉम्प्युटर आधी ते नाव भरून दाखवी, थांबे, आणि पुन्हा एंटर दाबल्यावरच काम करी. त्या दुसऱ्या एंटरचा तिला भारी राग.

“संध्याकाळी काढून देतो, बाई. आता डिस्क खाली कर, भरत आली,” इंद्रकुमार म्हणाला.

‘ट्रायल’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसता कचरा आहे हे तिने पाहून घेतले. आता मिटवणार, तोच दवनीवाड्याच्या सावित्रीबाई दारात. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे शूटिंग मागच्या उन्हाळ्यात याच स्टुडिओने केले होते. पावसाळ्यात धानाचा रोवणा आटोपला आणि त्यांचे यजमान केशोराव वारले.

“जावयानं पेनड्राइव्ह हरवला,” सावित्रीबाई म्हणाल्या. “फोटोत दिसतेत ते, पण बोलत नाईत. तुमच्यापाशी असन का, बाई, त्यायचा आवाज?”

कॅमेऱ्याचे कार्ड केव्हाच पुसलेले. तो आवाज असला तर या डिस्कवरच, तीही एकच प्रत. दुर्गेश्वरीने नाव टाइप करून त्यांचे फोल्डर उघडून पाहिले.

“आहे जी! बसा. चहा येते, तवरिक भाऊ टीव्हीची वायर लावून देतेत.”

तेवढा वेळ रिकामी बसेल तर ती दुर्गेश्वरी कसली! कचरा मिटवायचा राहिलाच होता. तिने मिटवायचा हुकूम लिहिला, शेवटी उद्गारचिन्ह, डॉलर, आणि खट्कन एंटर.

पडद्यावर नाव आले: ‘दवनीवाडा-केशोराव’.

अगं बाई! मागचा हुकूम आता कचऱ्याचा कुठे राहिला होता? मध्ये तिने केशोरावांचेच फोल्डर उघडले होते. दुसऱ्या एंटरवर टेकलेले बोट तिने चटका बसल्यासारखे उचलले. एकेक अक्षर खोडत ती ओळ पुसून टाकली, तेव्हा कुठे श्वास आला. जीव असा हलका झाला होता की रडावे की हसावे कळेना.

“इंदरभाऊ, तो नखरा राहू द्या.”

“काऊन? सकाळी तं भांडून राहिली होती!”

“राहू द्या म्हटलं ना! जिंदगीभर राहू द्या.”

मग तिने व्हिडिओ लावला. मांडवातले केशोराव कॅमेऱ्यापुढे हात आडवा करून ओरडत होते, “माया फोटू कायले काढून राहिला गा? पोरीचा काढ!”

सावित्रीबाईंनी पदर तोंडाशी धरला. व्हिडिओ संपला. चहा निवून गेला.

“अजून एकदा लावता का, बाई?”

दुर्गेश्वरीने वरचा बाण दाबला. मागचा हुकूम सगळाच्या सगळा परत आला. तिने तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला आणि एंटर दाबला.

“माया फोटू कायले काढून राहिला गा?”

“काढू द्या ना जी त्याले,” सावित्रीबाई टीव्हीकडे पाहत म्हणाल्या.