टाकीमागच्या तीन रेघा

पितळेवर खिळा ओढला की दातांत कळ जाते.

*

शिलाई मशीनची सुई पुन्हा मोडली. छाया वैतागून म्हणाली, "आई, हे कापड आहे का म्हशीचं कातडं?"

*

ना दसऱ्याला, ना दिवाळीला. चिंधाच्या शेडवर नवे पत्रे चढले ते ऐन शिमग्यात.

*

"तांबं म्हणजे सोनंच छे, राघोभाय. फक्त काळं दिसतं."

*

कोंडाईबारीच्या चढावर एक ॲम्बेसेडर तोंड वासून उभी. बॉनेटखालून वाफ. आसपास झाड नाही म्हणून माणसं गाडीच्याच सावलीला टेकलेली. त्यातली एक म्हातारी विचारते, "पाणी उकळलंच आहे, तर चहा टाकू का रे बाबा?"

*

सुपारी फुटली. दोन्ही घरच्यांनी गूळ खाल्ला.

*

आता ही सगळी खापरं एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी खणखणायला लागली तर काय होतं, ते बघा.

तो माणूस राघो. सुरतेतल्या नवागाममध्ये दोन खोल्या, दाराशी जुनी डिझेल ॲम्बेसेडर. आठवडाभर शहरात भाडं मारायचं आणि कापडाच्या लूमच्या सुटीला आपल्याकडची माणसं भरून साक्रीला सोडायची, परत आणायची. बायको शोभाबाई, मुलगी छाया. छायाची सुपारी माघात फुटली ती दीपकशी. दीपक म्हणजे चिंधाचा मुलगा. आणि चिंधा म्हणजे उधन्याला रेल्वेच्या भिंतीलगत ज्याची शेड आहे, जो गाड्यांचे रेडिएटर उघडतो, झाळतो, हौदात बुडवून बुडबुडे बघतो, तो. राघोच्याच तालुक्यातला. सुपारी फुटल्यापासून तो राघोला नावानं हाक मारेना. 'याही' म्हणायचा. आपल्याकडे व्याह्याला याहीच म्हणतात. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की.

फाल्गुनात राघोच्या गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. चिंधानं रेडिएटर काढला, जाळी कुजली म्हणाला, नवी जाळी बसवली, वरून काळा रंग मारून दिला. जुनी जाळी त्याच्याकडेच राहिली. या धंद्यात ती कारागिराकडेच राहते. गिऱ्हाईक मागत नाही, कारागीर देत नाही.

चैत्र लागला आणि गाडी तापायला लागली.

तापायची ती कोंडाईबारीच्या घाटात, माणसं भरलेली असताना, भर उन्हात. सुरतेत मात्र नाही. चिंधाच्या शेडसमोर नेऊन उभी केली, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, तर उष्णतेचा काटा जागचा हलेना. चिंधानं बॉनेटवर हात ठेवला आणि हसला.

"काही नाही याही. गाडी तुमच्यापेक्षा थंड आहे."

शेडमधले सगळे हसले. राघोही हसला, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही.

परत येताना तो डिंडोलीला मगनकडे थांबला. मगन बॅटऱ्या भरून द्यायचा. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, बोटानं जाळी चाचपली आणि तांब्याचं ते वाक्य टाकलं. मग म्हणाला, "जुनी जाळी क्यां गई? तेनुं वजन केटलुं हतुं? अने आ नवी तो पतरा जेवी लागे छे." जुनीचं वजन आणि नवीचा पत्रा, त्याला एवढंच बोलायचं होतं. बोलून तो आपल्या ॲसिडच्या बाटलीकडे वळला.

*

त्यानंतर राघोच्या डोक्यात जे चालू झालं, ते जसंच्या तसं:

काळा रंग कशाला? — गंज लागू नये म्हणून.

पितळेला गंज लागतो? — ...

मग काय झाकलं?

झाळताना कुणाला जवळ उभं का राहू देत नाही? — नवसागराचा धूर नाकात जातो म्हणतो.

त्याच्या नाकात जात नाही?

पत्रे कुठून आले?

त्याच्यासमोर गाडी तापत का नाही? त्याला माहीत आहे का, ती कधी तापते आणि कधी नाही?

दीपक मान खाली घालून का बोलतो? होणारा सासरा म्हणून? की

इथे प्रश्न तुटायचा. कारण पुढचा शब्द उच्चारला तर छायाचं लग्न त्या शब्दाखाली सापडलं असतं.

*

एका दुपारी शोभाबाई झोपलेली असताना राघो गाडीखाली उताणा शिरला. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या मागच्या अंगाला, जिथं बघायचं झालं तर माणसाला मान मोडून घ्यावी लागेल अशा जागी, त्यानं खिळ्यानं तीन रेघा ओढल्या. काळ्या रंगातून पितळ चमकलं. मग गाडी चिंधाकडे नेली आणि म्हणाला, "पुन्हा ठिबकतंय वाटतं. पुरतं काढून बघा."

"ठिबकत तर नाहीये, याही."

"बघा हो. पोरीचं लग्न तोंडावर आहे, गाडी दगा नको द्यायला."

चिंधानं रेडिएटर काढून घेतला. दुसऱ्या दिवशी बसवून दिला, नवा काळा रंग देऊन. घरी आल्याआल्या राघो गाडीखाली शिरला. विजेरी मारली. रेघा नव्हत्या. बोट फिरवलं, टाकी गुळगुळीत.

टाकीच बदलली होती. दुसरं काय असणार?

तो बाहेर आला तेव्हा पाठीला माती होती आणि चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान. संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं, कितीही वाईट गोष्टीचा असो.

*

"सुपारी परत करायची," राघो जेवताना म्हणाला.

शोभाबाईचा हात परातीत थांबला. "काबरं? काय व्हयनं?"

"चोराच्या घरात पोर द्यायची नाही मला."

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं. छाया दिसत नव्हती, पण ती ऐकत होती हे दोघांनाही कळलं.

"तुमना डोकामा काय शे हे?" शोभाबाई हळू आवाजात म्हणाली. "सगळ्या गल्लीले माहीत शे, मनी पोरनी सुपारी फुटनी ते. आते मोडी तर लोके तिनामा खोट काढतीन, चिंधाआप्पामा नही."

"मी पुराव्यानिशी बोलतोय."

"मंग त्यास्ले तोंडवर इचारा. मांगे नको."

एवढं मात्र राघोला पटलं. तोंडावर विचारायचं. आणि नुसतं विचारायचं नाही, गाडी तापलेली असताना, चार माणसांसमोर, पळायला जागा नसेल तिथं विचारायचं. संधी चालून आलीच होती. आखाजीला चिंधा गावी येणार होता, राघोच्याच गाडीतून.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी भरली. मागच्या सीटवर दोन लूमवाले, एक म्हातारी, एक माहेरी निघालेली बाई आणि तिची मुलं. चिंधा उधन्याच्या नाक्यावर उशिरा, पिशवी सांभाळत पळत आला आणि मागूनच पुढच्या सीटवर घुसला.

"थांबू नका याही, चला, चला. बसलो मी."

राघो थांबलाच नाही. बारडोलीला नाही, व्याऱ्याला नाही. सोनगडला लूमवाले चहासाठी कुरकुरले, तेव्हा म्हणाला, "उन्हं चढायच्या आत घाट काढू." खरं म्हणजे त्याला उन्हं चढलेलीच हवी होती. तो एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून होता. काटा वर जावा म्हणून जन्मात पहिल्यांदाच त्याची घालमेल चालली होती.

नवापूर गेलं. विसरवाडी गेली. कोंडाईबारीचा चढ लागला आणि काटा उठला.

"याही, तापतेय," चिंधा म्हणाला.

"दिसतंय मला."

"बाजूला घ्या."

"घेतो की." राघोनं अगदी चढाच्या मध्यावर गाडी घेतली. बॉनेट उघडलं. वाफ सुटली. सगळे उतरले. म्हातारी म्हणाली, "घ्या, झाली सुरुवात. मागच्या खेपेलाही हिनं इथंच बसकण मारली होती."

राघोनं चिंधाला दाराशीच गाठलं. इतके दिवस घोकलेलं वाक्य होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझी खूण कुठे गेली, चिंधाआप्पा?"

"कसली खूण?"

"खालच्या टाकीच्या मागे. तीन रेघा. मी स्वतः खिळ्यानं मारल्या होत्या. तुमच्याकडे द्यायच्या आधी." त्याचा आवाज चढला. लूमवाले बिड्या हातात तशाच धरून बघायला लागले. "टाकी माझी नाही ही. जाळी माझी नाही. माझं तांबं विकून तुम्ही पत्रे चढवले आणि माझ्या पोरीला त्याच पत्र्यांखाली..."

त्यानं गाडीखाली बोट दाखवलं.

चिंधा त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. हौदात रेडिएटर बुडवून बुडबुडा कुठून येतो ते तो बघायचा, तसा.

"त्या रेघा तुम्ही मारल्या होत्या?" त्यानं विचारलं.

"हो. मी."

चिंधानं पिशवीतून पेचकस काढला. इंजिन जरा निवेपर्यंत तो मागच्या चाकाशी उकिडवा बसून राहिला. मग हाताला फडकं गुंडाळून गाडीखाली गेला. खरडल्याचा आवाज आला. राघोच्या दातांत कळ गेली.

"या, बघा."

राघो गाडीखाली शिरला. तापलेल्या डांबरावर दोघे शेजारी शेजारी उताणे पडले. खरडलेल्या काळ्या रंगाखाली पांढुरकं कथील होतं, आणि पितळेत भरलेल्या त्या कथिलाच्या तीन रेघा, जशाच्या तशा.

"मला वाटलं दगड उडून चीर पडलीय," चिंधा वर बघतच म्हणाला. "पितळ तिथं झिजलेलं होतं. आज ना उद्या फुटलं असतं. डाग दिला, घासून सपाट केला. दीपक म्हणाला, आप्पा, तीन दगड असे एका मापात कसे लागतील? मी त्याला म्हटलं, रस्ता खराब आहे."

राघोनं त्या मोजल्या. "मग तापते कशानं?" तो म्हणाला, आणि म्हणताना स्वतःलाच लाज वाटली.

चिंधा बाहेर निघाला. कपडे झटकले, गाडीच्या पुढच्या बाजूला गेला आणि तिथंच थांबला.

गाडीच्या नाकावर, एका आडव्या दोरीला, पाण्यानं टच्च फुगलेल्या कॅनव्हासच्या तीन छागली लटकत होत्या. वाऱ्यानं पाणी गार राहतं, म्हणून गाडीवाले छागल बाहेर टांगतात. राघोची आधी एकच होती, दाराच्या कडीला. यंदा गिऱ्हाइकांना पाणी पुरेना म्हणून छायानं मिलमधलं जाड कापड आणून तीन मोठ्या शिवल्या, आणि राघोनं त्या समोर टांगल्या. जिथून वारा रेडिएटरवर जायचा, नेमकी ती नाकावरची जाळी बुजवून. शहरात भाडं मारताना तो त्या काढून ठेवायचा. चिंधाकडे गाडी नेतानाही.

"ह्या कधीपासून?"

"चैत्रापासून," राघो म्हणाला, आणि मग त्यालाही दिसलं.

चिंधानं गाठी सोडल्या. एक छागल म्हातारीच्या मांडीवर दिली, दोन लूमवाल्यांकडे. रेडिएटर निवल्यावर त्यात पाणी भरलं. गाडी चालू झाली, घाट चढली, उतरली. काटा निम्म्यावर होता. मागे मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. लूमवाले उगाच खाकरत होते. पुढे दोन माणसं शेजारी बसली होती आणि मधे चिंधाची पिशवी होती.

*

साक्रीच्या स्टँडवर बाकीचे पांगले. चिंधा पिशवी घेऊन उतरला.

"आप्पा, चुकलं माझं," राघो खाली उतरून म्हणाला.

"चुकलं हो. मी कुठे नाही म्हणतो?"

"मनावर घेऊ नका."

"गाडी आणत जा, राघोभाऊ. तुमची गाडी मी करीन. गिऱ्हाइकं खुणा करतातच, कुणी रंगाचा ठिपका देतं, कुणी नट मोजून ठेवतं. मला त्याचं काही नाही. गिऱ्हाईक आहे ते." चिंधानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण सुपारी मी परत पाठवतो."

"आप्पा! पोरीनं काय केलं?"

"काहीच नाही. उद्या ती माहेरपणाला येईल. तेव्हा तुम्ही तिच्या अंगावर काय शोधत बसाल?"

राघोनं हात पुढे केला, पण कशाला ते त्यालाच कळलं नाही. धरायला की अडवायला. चिंधा गावाच्या रस्त्यानं चालायला लागला. झोके बांधलेल्या झाडांखालून, आखाजीची गाणी म्हणणाऱ्या पोरींमधून त्याची टोपी लांबपर्यंत दिसत राहिली.

राघो स्टिअरिंगवर बसला. छायाला काय सांगायचं? सांगावं लागेल ते खरं खरं. तुझ्या छागली, माझा खिळा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच, कुणी बोलावलेलं नसताना, एक वाक्य वर आलं:

चिंधाला दुसरीकडची पोर तर सांगून आली नसेल? त्याला नुसतं निमित्त हवं असेल?

त्यानं डोकं हलवलं. वाक्य गेलं नाही. शेजारच्या सीटवर जाऊन बसलं.

*

उधन्यात चिंधानं शेड टाकली त्या सकाळी, त्याची बोहणी व्हावी म्हणून, पहिली गाडी राघोनं आणली होती, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.