घटक पाच : उभे राहणे

व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीत सहा सत्रं आहेत, छत्तीस विषय आहेत आणि एकच ओळ खरी आहे. ती तिसऱ्या सत्रात, उत्पादन व्यवस्थापनाच्या पानावर, अगदी तळाशी : "घटक पाच. उभे राहणे. तासिका आठ. गुण नाहीत."

बाकी सगळीकडे महत्त्व, उद्दिष्टे, फायदे, तोटे. नेतृत्वाचे फायदे-तोटे, जाहिरातीचे फायदे-तोटे. उद्या कुणी आईचे फायदे-तोटे लिहा म्हटलं तरी आमची पोरं पाच-पाच मुद्दे लिहून मोकळी होतील. त्यांचा दोष नाही. आम्ही तसंच शिकवतो.

मी ही पदवी बाहेरून केली, कापडाच्या दुकानात ठाण लावता लावता. आता त्याच पदवीला शिकवते, तासिका तत्त्वावर. घेतला तास तर पगार, आणि दरवर्षी नवी ऑर्डर. ऑर्डर निघते विभागप्रमुखांच्या सहीने, सही निघते त्यांच्या मर्जीने.

तपासणी समिती आठ दिवसांवर आली तेव्हा सरांनी माझी टाचणवही उघडली.

"मॅडम, घटक पाच कोरा आहे."

"शिकवलाच नाही, सर. म्हणजे काय तेच कळेना."

"अठरा वर्षांत कुणाला कळलंय? आठ तास दाखवा आणि मोकळ्या व्हा. व्याख्या, प्रकार, महत्त्व. खरडा काहीतरी."

"पण हा घातला कुणी?"

"घातला कुणीतरी! काढायचा म्हटलं तर अभ्यास मंडळाची सभा लागते. ठेवायला काहीच लागत नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुढच्या वर्षाच्या ऑर्डरी याच महिन्यात निघतायत हं."

पाणी हवं का विचारावं तितक्या गोड आवाजात धमकी. घर माझ्या एकटीवर चालतं, तेव्हा सही ठोकून गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला की मला शहाणपण सुचत नाही. उभे राहणे. कुठं? कशासाठी? आणि आठच तास का?

ऑफिसातल्या हेडक्लार्क काकांना विचारलं. त्यांनी सभांच्या इतिवृत्ताची फाईल काढली, झटकली, दोनदा शिंकले.

"हे बघ. उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून खोक्यांच्या कारखान्याचा मालक यायचा होता. त्याला वेळ नव्हता, त्यानं आपला मुकादम धाडला. कागदावर प्रतिनिधी म्हटलंय ना, मग बसवला खुर्चीत."

"मग?"

"मग सगळे विद्वान वाटण्या करायला बसले. तुझे दोन घटक, माझे दोन घटक. जो तो आपल्या पुस्तकातली पानं घुसवतोय. शेवटी कुणीतरी गंमत म्हणून मुकादमाला विचारलं, तुम्हाला काय घालायचंय? त्यानं ही ओळ सांगितली. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना घाई. मंजूर!"

मुकादम कारखान्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. खिडकीत बसून मटार सोलत होता. मी कॉलेजचं नाव घेताच त्याचा हात थांबला.

"अठरा वर्षं लावली होय विचारायला?"

"त्यात शिकवायचं काय, बाबा?"

"शिकवायचं नाही गं बाई. पोरांना कारखान्यात न्यायचं आणि उभं करायचं. वही नाही, फोन नाही, बोलणं नाही. एक पाळी."

"आठ तास? दोन तासांत नाही भागत?"

"पहिले तीन तास माणसाला स्वतःचे पाय दिसतात. मग घड्याळ दिसतं. जेवणाच्या सुट्टीनंतर कुठं समोरचा माणूस दिसायला लागतो. आमचा मालक यायचा दहा मिनिटं. त्याला काय दिसणार, डोंबल?"

आता त्याच कामावर त्याची सून मुकादम होती. ती दारात चपला काढता काढता ऐकत होती. "मामंजी, तुम्ही बोलून मोकळे, निस्तरायचं मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "शनिवारी आणा पोरांना. पण एक सांगून ठेवते. खुर्ची मागितली की घरी."

एकतीसपैकी अकरा आली. एकानं फाटकातच विचारलं, "मॅडम, परीक्षेला येणार का हे?" नाही म्हटल्यावर तो निघालाच होता, पण सूनबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. राहिला.

आम्ही भिंतीला न टेकता उभे राहिलो, मीसुद्धा. तासाभरात पोटऱ्या कुरकुरायला लागल्या. मुकादम म्हणाला तस्संच. आधी पाय दिसले, मग घड्याळ. त्याचा काटा तर हलायलाच तयार नव्हता. कुणी या पायावरून त्या पायावर, कुणी बोटं मोडतंय. समोर पुठ्ठे येत होते, खोकी होत होती आणि खरं सांगते, मला काहीसुद्धा दिसत नव्हतं. दोन वर्षं मी उत्पादन व्यवस्थापन शिकवतेय!

जेवणानंतर पोरांची चुळबुळ थांबली. थकली असतील म्हणा. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'शंका' म्हणतात, कारण तास संपत आला की तिचा हात वर. ती एकाच टेबलाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

त्या टेबलावर खळ लावणारी मावशी होती. पुठ्ठ्याला खळ लावायची, दुमडायची, दाबायची आणि अख्खी मागे वळून खोकं थप्पीवर ठेवायची. मग एक माणूस ती थप्पी उचलून, टेबलाला वळसा घालून समोरच्या दारातून बाहेर न्यायचा. दिवसभर ती वळत होती, तो वळसा घालत होता.

भोंगा झाला तशी शंका धावलीच.

"मावशी, दार तर तुमच्या समोर आहे. मग खोकी मागे का ठेवता?"

"तेव्हा दार मागे होतं. दोन वर्षांपूर्वी बुजवलं, समोर काढलं. टेबल जमिनीला बोल्टांनी ठोकलंय, ते राहिलं तसंच."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

"तीनदा सांगितलं. तीन साहेब येऊन गेले. प्रत्येकानं आधी खुर्ची मागितली, मग चहा. मग मला म्हणाले, काही अडचण? म्हटलं, बघा की. तर म्हणे, लिहून द्या."

"दिवसातून किती वेळा वळता?"

"मोजायला मी काय रिकामी बसलेय?"

"सहाशे बारा," शंका म्हणाली. "नुसत्या जेवणानंतरच्या."

मावशीनं कमरेवर हात ठेवला आणि त्या दिवसात पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघितलं.

सोमवारी टाचणवही माझ्या टेबलावर होती. भरलेली. अक्षर कुणाचं होतं कोण जाणे. "उभे राहण्याचे प्रकार : ऐच्छिक व सक्तीचे. उभे राहण्याच्या मर्यादा." खाली फक्त माझ्या सहीची जागा सोडलेली. मी ते पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं, "शनिवार, एक पाळी. हजर अकरा, गैरहजर वीस. शिकवलं काही नाही. एकीनं सहाशे बारा मोजले." आणि सही केली. 

समितीतल्या एका गोल चेहऱ्याच्या सदस्यांनी ते पान दोनदा वाचलं. "याची अध्ययन निष्पत्ती काय, मॅडम?"

"एक टेबल फिरवायला हवं, सर."

ते खो खो हसले. आमचे सर हसले नाहीत. समिती फाटकाबाहेर पडताच मला म्हणाले, "हा घटकच उडवतो आता. सभा बोलावतो. आणि तुमच्या ऑर्डरीचं त्यानंतर बघू."

सभेला उद्योगाचा प्रतिनिधी लागतो. पत्र त्याच कारखान्याच्या मालकाला गेलं. त्याला अर्थातच वेळ नव्हता.

माझी ऑर्डर आली नाही. मावशीचं टेबलही वळलं नाही. सभेच्या दिवशी मी ऑर्डरीचं विचारायला म्हणून गेले आणि बंद दाराबाहेर थांबले. आतून सरांचा आवाज आला, "या या, बसा. एक घटक रद्द करायचाय. सहीपुरतं काम आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही. आला तो सूनबाईंचा आवाज.

"करू की सही. आधी एवढं सांगा, तुमच्यातल्या कुणी केलाय का हा घटक?"

आत एक जण खाकरला. मग दुसऱ्या कुणीतरी हळूच विचारलं, "करायचं म्हणजे... नक्की काय करायचं असतं?"

तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला. मी दारासमोर उभी राहिले.

"सरका ना मॅडम, चहा गार होतोय."

"होऊ दे," मी म्हटलं. "चहा आत गेला की मंजूर होतं."