डाव्या बाजूची तयारी

शहापुरात मालुबाईंच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की आठ दिवस आधीपासून घरातल्या बायकांचं कंबरडं मोडायचं. बायकांचं म्हणजे एकाच बाईचं. थोरली सून सत्यवती. धाकटी सून अजून यायची होती, आणि या खेपेचे पाहुणे तिच्यासाठीच येत होते. धाकट्या बसवंताला वडगावच्या एका विणकराची मुलगी सांगून आली होती. मुलीकडची माणसं रविवारी घर बघायला येणार होती.

पाहुणचाराबद्दल मालुबाईंचं मत ठाम होतं. भात, आमटी, पोळी काय, कुणीही रांधतं. घर ओळखायचं ते ताटाच्या डाव्या बाजूनं. मीठ-लिंबाच्या खाली दोन कोरड्या चटण्या, एक ओली, कोशिंबीर, लोणचं, तळलेली सांडगी मिरची, पापड. "डावी बाजू रिकामी दिसली की पाहुण्यास्नी वाटतंय, ह्यांला आमची आठवण आज सकाळी झाली," असं त्या म्हणत. म्हणून डावी बाजू सगळी आधी करून, बरण्यांत भरून, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून तयार हवी. मत मालुबाईंचं होतं आणि हात सत्यवतीचे.

सोमवारी तिनं शेंगदाणे भाजून उखळात कुटले. मंगळवारी कारळं. बुधवारी ताज्या लाल मिरच्यांचा रंजका वाटला, आणि त्या रात्री हाताची आग इतकी झाली की ती पाण्याच्या घागरीला हात लावून निजली. मधल्या वेळेला मागासाठी सुताच्या कांड्या भरणं होतंच. नवरा तम्मण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, की त्याला भरलेली कांडी लागायची, आणि ती संपली की दुसरी. तो वाईट माणूस नव्हता. "कांडी" एवढंच म्हणायचा, तेही हळू आवाजात. पण दिवसातून साठ वेळा हळू म्हटलेली गोष्ट शेवटी ओरडल्यासारखीच लागते.

सत्यवतीला दुखत काही नव्हतं. ताप असता तर सांगता आला असता, काढा मिळाला असता. नुसता शीण कुणाला सांगायचा? लग्नाला बारा वर्षं झाली होती, दोन मुली आजीच्या कुशीत झोपण्याएवढ्या झाल्या होत्या, आणि सकाळी उठताना तिला रोज वाटायचं की आपण आत्ताच तर आडवे झालो होतो.

तिला विश्रांती मिळायची ती महिन्याचे चार दिवस. मागच्या सोप्यात लाकडांशेजारी घोंगडं टाकून बसायचं, चुलीपाशी जायचं नाही, मागाला शिवायचं नाही, देवापाशी फिरकायचं नाही. मालुबाई इतर सोवळ्याओवळ्याचं फार मनावर घेणाऱ्या नव्हत्या. लोणच्याच्या बरणीचं मात्र त्यांना भारी. अशा बाईची सावली पडली तरी वर्षाचं लोणचं नासतं, यावर त्यांचा देवापेक्षाही जास्त विश्वास होता. सत्यवतीचाही होता. आईनं तेच सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईनं.

शुक्रवारी दुपारी लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून झाली. सत्यवतीनं दादरा बांधला आणि रांगेत ठेवलेल्या बरण्या बघितल्या. आता शनिवारचं सारवण, पुरणाची डाळ, रविवारी पहाटे उठून तीस पोळ्या, वाढणं, खरकटं, भांडी. हे सगळं तिला एकदम दिसलं, आणि सासू उंबऱ्यापाशी आली तेव्हा ती बोलून गेली.

"आत्ती, मला शिवू नगासा. कावळा शिवला."

मालुबाई जागच्या जागी थांबल्या. "कवापास्नं?"

हा प्रश्न येईल हे सत्यवतीच्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळपासून म्हटलं तर आठवड्याची डावी बाजू उकिरड्यावर जाईल.

"आत्ताच. दादरा बांधून झाल्यावर."

"लौकर आलं की गं."

"व्हय."

"काम अंगावर पडलं की तसंच हुतंय," मालुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला. "जा, बस जा. रुक्माबाईला बोलावून घेतो आमी. न्हाय म्हणायची न्हाय ती."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सत्यवती मागच्या सोप्यात जाऊन घोंगड्यावर पडली. समोर सासू गुडघ्यावर हात टेकत उठताना दिसत होती, शेजारच्या रुक्माबाईंचा पाट्यावर वाटण्याचा आवाज येत होता. तिला लाज वाटली. लाज वाटता वाटताच तिला झोप लागली, आणि शनिवार कधी उजाडला ते तिला कळलं नाही.

रविवारी पाहुणे जेवले. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं. मुलीच्या मामानं रंजका दोनदा मागून घेतला. कुणीतरी म्हणालं, "चटणी लई झ्याक झालीया. कुणाच्या हातची?" मालुबाई म्हणाल्या, "घरातलीच हाय." सत्यवतीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण अंग हलकं झालं होतं आणि डोकं शांत होतं. तिनं कूस बदलली.

सोयरीक जमली. साखरपुडा पंधरा दिवसांनी धरला, तोही मुलाकडे, आणि माणसं तीस-पस्तीस. मालुबाईंनी पुन्हा डाव्या बाजूची यादी म्हणायला घेतली. या वेळी सत्यवतीनं सगळं मुकाट्यानं केलं. केलेल्या पापाची भरपाई म्हणून सांडग्या मिरच्या दुप्पट तळल्या, पापड दुप्पट भाजले.

आणि साखरपुड्याच्या दिवशी सकाळी अंघोळीच्या वेळी तिला खरोखरीचा कावळा शिवला.

न्हाणीघरात ती नुसती उभी राहिली. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा कसं सांगायचं? सांगितलं तर सासू दिवस मोजेल आणि मागचं खोटं उघडं पडेल. किंवा हिला काहीतरी रोग आहे म्हणून बातमी होईल, आणि ती वडगावपर्यंत पोचेल. तिनं घट्ट लुगडं नेसलं आणि ती चुलीपाशी गेली. ओटीपोटात कळ येत होती. विस्तवापाशी बसून तिनं पोळ्या लाटल्या, आणि प्रत्येक पोळीला वाटत होतं की आता आई भवानी तवा उलथवणार.

जेवणाच्या वेळेला मालुबाई म्हणाल्या, "आंब्याचं लोणचं काढ गं. माझा हात पोचत न्हाय."

मोठी बरणी कोनाड्यात वरच्या फळीवर होती. वैशाखात मालुबाईंनी स्वतः घातलेली, वर्षाची. सत्यवती तिथं उभी राहिली. मागं सासू वाट्या मांडत होती.

"हात जड झाला काय? पंगत बसली."

तिनं बरणी उतरवली, दादरा सोडला. फोडी तळाला बसल्या होत्या, पळी पोचेना. तिनं कोपरापर्यंत हात घातला. खार थंडगार लागला. मनात ती म्हणत होती, माझ्यावर काय यायचं ते येऊ दे, त्या पोरीच्या लग्नावर नको.

दिवसभर तिनं वाढलं. पाठीचे दोन तुकडे होतील असं वाटत होतं, आणि झाले असते तर बरं, असंही एकदा वाटून गेलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मालुबाई तिच्याकडं बघून म्हणाल्या, "लई दमलीस." त्या तेवढंच म्हणाल्या आणि खरकट्याकडे वळल्या.

त्यानंतर दर चार दिवसांनी कुणी नसताना सत्यवती दादरा सोडून बरणीत बघायची. बुरशी दिसते का, फेस येतो का, वास फिरतो का. काही होत नव्हतं. माघात लग्न लागलं. धाकटी अंजनी घरात आली, पंधरा वर्षांची, बारीक अंगाची, कांड्या भरायला चपळ. तरी लोणच्याला काही झालं नाही. चैत्र गेला. वैशाखात तम्मण्णानं तळाची शेवटची फोड ताटात घेतली आणि म्हणाला, "औंदाचं लोणचं तळापतुर टिकलं बघ."

"टिकणारच की," मालुबाई म्हणाल्या. "या घरात बरणीला कोण भलतंसलतं शिवत न्हाय."

सत्यवती बरणी विसळायला घेऊन मागच्या परड्यात गेली. आधी तिला सुटल्यासारखं झालं. मग राग आला, इतका की बरणी दगडावर आपटावी असं वाटलं. बारा वर्षं त्या चार दिवसांत ती त्या फळीकडे बघतसुद्धा नव्हती. आपल्या सावलीला भ्यायली होती, आणि फोडींना त्याचा पत्ताही नव्हता. आत जाऊन सासूला सांगावं, आत्ती, साखरपुड्याला मी कोपरापर्यंत हात घातला होता, खाल्लंत तुम्ही सगळ्यांनी.

ती उठली आणि परत बसली. सांगितलं आणि सासूनं मानलं, तर मग काय? बरणी मोकळी झाली की चूलही मोकळी, मागही मोकळा. महिन्याचे तीसच्या तीस दिवस कांड्या. तिनं बरणी राखेनं घासली, उन्हात पालथी घातली आणि तोंड मिटून आत गेली.

चार दिवसांनी नवं लोणचं घालायचं होतं. त्याआधीच्या आठवड्यात अंजनीनं लग्न होऊन गेलेल्या नणंदेच्या सासरची माणसं यायची म्हणून उन्हात बसून दोनशे पापड लाटले होते, मिरच्या भरल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. कैऱ्या फोडायच्या दिवशी सकाळी ती बाजूला बसली. मागच्या सोप्यात, त्याच घोंगड्यावर. मालुबाई मोहरी आणायला बाजारात गेल्या होत्या. सत्यवती विळी घेऊन उंबऱ्याअलीकडे कैऱ्या चिरत होती.

अंजनी बराच वेळ बघत होती. पोरगी कामाची, रिकामं बसणं तिला जमत नव्हतं.

"आक्का, एकट्यानं किती फोडी करशीला? मी कडंला बसून करू लागू?" आणि मग हळूच, "मी शिवले तर खरंच नासतंय व्हय ओ लोणचं?"

सत्यवतीच्या पायाशी अजून दोन शेकडा कैऱ्या होत्या. मनगट भरून आलं होतं. तिनं त्या पोरीच्या डोळ्यांखालचं काळं बघितलं.

"नासतंय," ती म्हणाली. "वर्साचं लोणचं नासतंय. तू बरणीकडं बघूबी नगंस. गप पड चार दिस."

अंजनी घाबरून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि कैऱ्यांचा ढीग निम्मा व्हायच्या आत झोपली.